लेकीच्या संसाराची सात भांडी

दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीवर आलेल्या कुटुंबाचा संसार दर काही वर्षांनी ट्रकवर चढतो. आमचाही चढला. १९८९ मध्ये साताऱ्याहून आलो ते लक्ष्मीबाई नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. तिथून रामकृष्ण पुरम आणि ह्यांच्या निवृत्तीनंतर गाझियाबादकडे वसुंधरामध्ये स्वतःचा फ्लॅट. प्रत्येक बदलीत काही ना काही गळत गेले. काचेचे सेट फुटले, प्लॅस्टिकचे डबे पिवळे पडले, अॅल्युमिनियमची पातेली पोचे पडून वाकडी झाली. टिकली ती मोजकीच भांडी. ती का टिकली, याचा विचार करायची वेळ मात्र गेल्या वर्षी आली. लेकीने नोकरीसाठी गुरुग्रामला भाड्याने घर घेतले तेव्हा.

तिचे स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा, एक कपाट आणि एक इंडक्शनची शेगडी. पाइपचा गॅस होता, पण जोडणी मिळायला महिनाभर लागणार होता. ती म्हणाली, “आई, सातच भांडी दे. आठव्याला जागा नाही. आणि दोन वर्षांनी फेकावी लागतील अशी देऊ नकोस.”

सात भांडी निवडायची म्हणजे सोपे काम, असे वाटेल. पण तीस-पस्तीस वर्षे ज्या बाईने घर चालवले आहे तिला विचारा! आमच्या माळ्यावर सासूबाईंच्या वेळची पितळी भांडी होती. त्यातल्या मोठ्या पातेल्याच्या काठावर नाव घातलेले आहे: ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून’ आणि पुढे साल, १९५८. ह्यांचे म्हणणे, लेकीला तेच द्यावे. लेकीचे म्हणणे, “नाव वाचायला भांडे नको मला, स्वयंपाक करायला हवे. नाहीतर मोडीत घाला आणि त्या पैशांत नवे घ्या.” बापलेकीचे दोन दिवस अबोल्यात गेले. पातेले तेवढे दोघांच्या मध्ये बैठकीत पडून होते.

स्टील घ्यावे तोलून

पहिली खरेदी स्टीलची. त्यासाठी मी सदर बाजारातल्या डिप्टी गंजला जाते. ही भांड्यांची घाऊक बाजारपेठ आहे. इथे स्टील किलोवर मिळते आणि तीच पद्धत गिऱ्हाइकाच्या हिताची. एकाच आकाराची दोन पातेली हातात घ्या. एक हलके, चकाचक असते. दुसरे तेवढे चकचकीत नसते, पण मनगटाला वजन जाणवते. घ्यायचे ते दुसरे. पत्र्याची जाडी ‘गेज’मध्ये सांगतात आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ.

दुकानदार ‘तीनशे चार’ आणि ‘दोनशे दोन’ असे आकडे सांगतात, तेही समजून घ्या. तीनशे चार नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. गंज अडवतो तो मुख्यतः क्रोमियम. दोनशे दोनमध्ये महाग निकेल कमी करून मँगेनीज घातलेले असते. ते स्वस्त पडते, पण मीठ आणि आंबट यांपुढे लवकर हार खाते. दिल्लीच्या वजीरपूर भागातल्या छोट्या गिरण्यांमध्ये भांड्यांसाठी स्टीलचा पत्रा लाटला जातो, आणि बाजारात दोन्ही जातींचा माल शेजारी शेजारी मांडलेला असतो.

‘चुंबक लावून पाहा, चिकटले नाही तर माल अस्सल,’ असा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. तो अर्धाच खरा. या दोन्ही जातींना चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने त्यांच्यातला फरक कळत नाही. उलट इंडक्शनच्या शेगडीला चुंबक चिकटणारा तळच लागतो. म्हणजे चुंबक न्यावा, पण तळ तपासायला! स्टीलची जात समजून घ्यायला भांड्यावरचा ठसा पाहावा आणि पक्के बिल मागावे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. त्या चिन्हाबरोबर परवान्याचा क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो.

खरेदी शक्यतो धनत्रयोदशीच्या गर्दीत करू नये. त्या दिवशी दिल्लीत भांड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, तोलायला कोणाला वेळ नसतो आणि नक्षीदार पातळ माल पुढे केला जातो. शकुनाला एक चमचा घ्या. कामाचे भांडे दिवाळीनंतर निवांतपणे.

जाड बुडाची दोन पातेली घेतली. एक दुधा-चहाला, एक भात-आमटीला. दुकानदाराने आणखी एक डबा गळ्यात मारायचा प्रयत्न केला, “आंटीजी, बिटिया के लिए है ना?” म्हणून. बिटियाच्या कपाटाची लांबीरुंदी मला पाठ होती, म्हणून वाचले.

स्टीलची निगा सोपी. मीठ गार पाण्यात टाकून तसेच ठेवू नका, तळाला बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला. ब्लीचिंगचे द्रावण स्टीलला लावू नका. दिल्लीच्या आसपास बोअरचे पाणी येते तिथे भांड्यात पांढरा थर धरतो. तो क्षारांचा असतो. तारेच्या घासणीने खरवडत बसण्यापेक्षा पाण्यात थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून दहा मिनिटे उकळा. थर आपोआप सुटतो. भांडे फार तापून त्यावर निळसर-सोनेरी झाक आली तर घाबरू नका. तिने काही बिघडत नाही, आणि तीही व्हिनेगरने जाते.

रस्त्याकडेचा तवा

तवा आणि कढई मात्र मी दुकानातून घेतली नाही. दिल्लीत बऱ्याच रस्त्यांच्या कडेला गाडिया लोहारांच्या वस्त्या आहेत. वस्तीपुढे लहानशी भट्टी, ऐरण आणि ओळीने मांडलेले तवे, कढया, चिमटे, उलथणी. परंपरा अशी सांगते, की १५६८ मध्ये अकबराने चितोड जिंकले तेव्हा या लोहारांनी गड पुन्हा आपला होईपर्यंत घर बांधून राहणार नाही अशी शपथ घेतली आणि ते बैलगाडीवर फिरू लागले. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले. शपथ सुटली, पण सुटली म्हणून घर मिळाले असे नाही. पुष्कळांचा संसार अजून फुटपाथवरच आहे.

भट्टीजवळ नवरा सांडशीने लाल लोखंड धरतो आणि बायको उभी राहून घण घालते. चाळीस अंशांच्या उन्हात हे काम पाहिले की आपण तव्याच्या किमतीत घासाघीस का करतो, असे वाटते. मी कढई उचलून पाहिली. कान रिव्हेटने ठोकून पक्के केलेले. त्या बाईने पैसे मोजून घेतले आणि म्हणाली, “कान टूट जाए तो यहीं ले आना. फेंकना मत.”

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले, कारण महिन्यापूर्वीच उलटा अनुभव आला होता. आमच्या एका चांगल्या नावाच्या फ्राइंग पॅनची मूठ निखळली. पॅन ठणठणीत होता. विक्रेत्याकडे गेले तर तो म्हणाला, मूठ वेगळी मिळत नाही; जुना द्या, नव्यावर सूट देतो. एका मुठीसाठी पूर्ण भांडे टाकायचे! रस्त्यावरची बाई तुटलेला कान परत आण म्हणते आणि वातानुकूलित दुकानातला माणूस फेका म्हणतो. टिकाऊ कोणते, हे मला तिथेच कळले. टिकाऊ भांडे म्हणजे कधीच न बिघडणारे भांडे नव्हे. तसे भांडे अजून कोणी घडवलेले नाही. बिघडल्यावर जे दुरुस्त करता येते आणि ज्याला दुरुस्त करणारा हात आसपास आहे, ते टिकाऊ.

लोखंडी तवा-कढई आणल्यावर लगेच वापरू नये. गरम पाणी आणि साबणाने घासून आधी कारखान्याचा किंवा भट्टीचा काळपणा घालवावा. मग विस्तवावर पूर्ण कोरडे करून तेलाचा अगदी पातळ हात सर्व बाजूंनी फिरवावा आणि धूर येईपर्यंत तापवावे. गार झाले की पुन्हा. असे चार-पाच वेळा केले की तेल लोखंडावर पक्के बसते आणि काळा, गुळगुळीत थर तयार होतो. पहिल्या दिवशी कांद्याच्या साली किंवा कांदाच परतून टाकून द्यावा. आपल्याकडचा बिडाचा तवाही असाच माखवतात. धिरडी-घावन पहिले चार दिवस चिकटली तरी निराश होऊ नये. बीड आणि लोखंड वापराने सुधारते. नव्या भांड्यांत असा गुण दुर्मीळ.

रोजची निगा एवढीच: भिजत टाकू नये, धुतल्यावर आचेवर कोरडे करावे, तेलाचे बोट फिरवावे. दिल्लीत मे महिन्यात तवा नुसता ठेवला तरी चालतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीत तांबूस होतो. गंज चढला तर घाबरायचे कारण नाही. घासून काढा आणि पुन्हा माखवा. लोखंडात शिजवलेल्या अन्नात लोह उतरते आणि ते आपल्या बायकांच्या उपयोगाचेच आहे. मात्र चिंचेची आमटी, कोकमाचे सार, टोमॅटोची भाजी त्यात करू नये; रंग काळवंडतो आणि चव लोखंडाची लागते. झालेली भाजीही त्यात ठेवू नये, लगेच काढून घ्यावी.

इंडक्शनवर लोखंड उत्तम तापते, फक्त तळ सपाट हवा. काचेवर तवा ओढू नये, उचलून ठेवावा. म्हणून लेकीसाठी सपाट तव्याबरोबर कढईही सपाट बुडाचीच निवडली.

कुकर आणि त्याचे सुटे भाग

कुकर आपल्या घराघरांत पोचला तो हॉकिन्स आणि प्रेस्टिज या नावांनी. दोघांचीही सुरुवात १९५९ मधली. आमचा जुना कुकर पंचवीस वर्षे चालला तो त्याचे सुटे भाग सहज मिळत गेले म्हणून. कुकर घेताना रंग आणि झाकणाचा आकार पाहण्यापेक्षा हे पाहा: याची रिंग, शिट्टी, झडप जवळच्या दुकानात मिळते का? आयएसआय चिन्ह आहे का? कुकरसाठी त्या सक्तीचा आदेश २०२० मध्येच निघाला आहे. आणि तुमच्या शेगडीला तो चालतो का? अॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापणारच नाही. आम्ही लेकीसाठी स्टीलचा, तीन लिटरचा घेतला.

रबरी रिंग कडक झाली, तडकली किंवा बाजूने वाफ निघू लागली, की बदलावी. ती त्याच कंपनीची असावी. स्वस्त नकली रिंगेने बचत होत नाही, धोका वाढतो. सुरक्षा झडप वितळली तर ती आपले काम करून गेली असे समजावे आणि तशीच नवी बसवावी. शिट्टीखालची नळी रोज उजेडासमोर धरून आरपार पाहावी. डाळीचे एक टरफलसुद्धा ती बंद करू शकते. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि डाळ-भात असेल तर निम्माच. फेस वर येतो तो हाच.

अॅल्युमिनियमचा कुकर ज्यांच्याकडे आहे त्यांनी तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकावी, आतून काळा पडत नाही. खाण्याचा सोडा मात्र त्याला लावू नये, त्याने अॅल्युमिनियम आणखी काळे पडते. चिंच-टोमॅटोचे पदार्थ त्यात करून तसेच ठेवू नयेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक सूचनांमध्येही आंबट पदार्थ अॅल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यांत साठवू नयेत असे म्हटले आहे. आपल्या आज्या हेच एका शब्दात सांगत: ‘कळकेल!’

नॉनस्टिक: एक, आणि लहान

अंड्यांसाठी लेकीला नॉनस्टिक पॅन हवा होताच. तिच्या सकाळच्या घाईत तो तिच्या उपयोगाचा आहे हे मलाही पटले. मात्र त्याला आयुष्यभराचे भांडे समजू नये. त्यावरचा लेप हा १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला योगायोगाने सापडलेल्या पदार्थाचा. तो मध्यम आचेवर सुरक्षित राहतो, पण रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवला तर काही मिनिटांतच इतका तापतो, की लेप बिघडू लागतो आणि त्याचा धूर आरोग्याला वाईट. म्हणून रिकामा तापवायचा नाही, लाकडी उलथणे वापरायचे, आणि लेप सुटू लागला की पॅन टाकायचा. तो दुरुस्त होत नाही. टाकावाच लागणार असेल तर मोठा, महागडा सेट घेऊन काय करायचे? एकच आणि लहान.

पितळी पातेल्याचा निकाल

सहा भांडी झाली. सातव्याची जागा रिकामी होती आणि पातेले अजून बैठकीतच होते. मी ते पिशवीत घातले आणि लेकीला घेऊन जुन्या दिल्लीत गेले.

चावडी बाजार हे नाव आपल्या ‘चावडी’वरूनच पडले असे म्हणतात. एकेकाळी हा पितळ-तांब्याचा मोठा बाजार. आता तिथे लग्नपत्रिका, कागद आणि नळांचे साहित्य जास्त. तरी भांड्यांची काही दुकाने आहेत. तिथल्या मोडवाल्याने पातेले तोलले, भाव सांगितला आणि म्हणाला, “अब ऐसा माल नहीं बनता, बहनजी. मोटी चादर है.” लेकीने ते ऐकले. मोड घेणारा स्वतःच भांड्याचे कौतुक करतो म्हणजे काहीतरी आहे, असे तिला वाटले असावे. तिने विचारले, “आई, हे चालते कसे करायचे?”

कल्हईवाला मिळायला मग फार वेळ लागला नाही. जुन्या दिल्लीत बिर्याणीच्या तांब्याच्या देगा अजून वापरात आहेत, त्यामुळे हा धंदा तिथे तग धरून आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीची आठवण व्हावी असा ठोक्यांचा आवाज गल्लीत येत होता. त्याने पातेले घासून आचेवर धरले, नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी तापल्या पितळेवर टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने ती सर्रकन फिरवली. पिवळे पातेले आतून चांदीसारखे झाले. सगळे मिळून काही मिनिटांचे काम. लेक फोनवर चित्रण करायचे विसरून पाहत राहिली.

कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे ना, हे विचारावे. कथील महाग असल्याने त्यात शिसे मिसळण्याचा मोह होतो आणि शिसे विषारी आहे. ओळखीच्या, मोठ्या देगा करणाऱ्या कारागिराकडे जावे ते यासाठी. कथील २३२ अंशांना वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये. मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवायची जी इकडची रीत आहे तीही कल्हईला मानवत नाही. फोडणी वेगळ्या कढल्यात करावी. आतून तारेची घासणी नको. लाकडी डाव आणि मऊ काथ्या. चिंच-मीठ लावून चकचकीत करायचे ते फक्त बाहेरून. आतून पिवळा धातू दिसू लागला, की पुन्हा कल्हई. तोपर्यंत त्यात ताक, कढी, आमटी काहीही नको.

पितळ इंडक्शनवर तापत नाही, त्यामुळे गॅस येईपर्यंत ते पातेले कपाटात तांदूळ भरून बसले. मग एका रविवारी तिचा फोन आला. त्यात तिने साधा भात लावला होता. “आई, बुडाला लागला नाही! आणि झाकून ठेवला तर तासाभराने सुद्धा गरम होता.” जाड पितळाला आच हळूहळू, सगळीकडे सारखी लागते. हे सासूबाईंनी मला सांगितले होते, पण सांगून कोणाला पटते? ह्यांनी फोन घेतला आणि काहीच बोलले नाहीत, नुसते हसले. अबोला त्या दिवशी पूर्ण मिटला.

बाकीची पितळी भांडी मीच मोडीत काढली. सात घागरी आणि चार पराती उरी बाळगून कोणाचेच भले होत नाही. वापरले जाते तेच भांडे जिवंत राहते आणि वापरणारे गिऱ्हाईक असेल तोवर कल्हईवाला आणि लोहारही राहतो. आपण वर्षातून एकदाही त्यांच्याकडे गेलो नाही तर उद्या शोधूनही सापडणार नाहीत. मग उत्तम पितळसुद्धा शोभेचे होईल.

तेव्हा पुढच्या वेळी भांडे घ्यायला जाल तेव्हा किंमत विचारा, वजन पाहा, तळ तपासा, बिल घ्या. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: “याची मूठ तुटली, रिंग गेली, कान निघाला, तर कोण बसवून देईल?” उत्तर चटकन आले तर भांडे घ्या. तो नुसता तुमच्या तोंडाकडे पाहत राहिला, तर दुकान बदला.